पाच टक्क्यांच्या रकान्यात काय काय बसलंय?

भारतीय कुटुंबं पैसा कुठे ठेवतात, हा प्रश्न निघाला की आमच्या क्षेत्रात एक अहवाल हमखास पुढे येतो. रिझर्व्ह बँकेच्या हाउसहोल्ड फायनान्स समितीचा, जुलै २०१७ चा. समितीचे अध्यक्ष होते लंडनच्या इम्पीरियल कॉलेजातले प्राध्यापक तरुण रामदोराई. गुंतवणुकीवरच्या मराठी लेखांत, व्हिडिओंत, म्युच्युअल फंडवाल्यांच्या सेमिनारमध्ये जे 'आपले लोक सोन्यात आणि जागेत पैसा अडकवून ठेवतात' असं वाक्य ऐकू येतं, त्यामागचा भक्कम आकडा बहुतेक वेळा इथूनच आलेला असतो. अहवाल चांगलाच आहे. पण गुलमंडीवर उभं राहून वाचला तर त्यातला एक रकाना खटकतो. आजची पोस्ट त्या रकान्याबद्दल.

अहवाल काय म्हणतो

आधी आकडे. सरासरी भारतीय कुटुंबाच्या संपत्तीतला ७७ टक्के वाटा घर-जमिनीचा. ७ टक्के टिकाऊ वस्तूंचा. ११ टक्के सोन्याचा. उरले ५ टक्के, ते 'वित्तीय मालमत्ता' या नावाखाली. हे आकडे आले २०१२-१३ च्या अखिल भारतीय कर्ज व गुंतवणूक सर्वेक्षणातून, म्हणजे सरकारी माणसं घरोघर जाऊन जी माहिती गोळा करतात त्यातून. समितीने त्याची तुलना चीन, थायलंड, जर्मनी, ब्रिटन, अमेरिका अशा देशांशी केली. निष्कर्ष असा निघाला की आपल्याकडे म्हातारपणासाठीची साठवण जवळजवळ नाही, विमा अपुरा आहे, सावकारी कर्ज जास्त आहे आणि वित्तीय मालमत्ता फारच कमी आहे. सोन्यातला थोडा हिस्सा जरी वित्तीय साधनांत वळवला तरी कुटुंबाची स्थिती सुधारेल, असं समितीचं गणित.

यावर सोपी टीका अशी: २०१७ च्या जुलैत दहा ग्रॅम सोनं २८-२९ हजारांच्या आसपास होतं, एप्रिल २०२५ मध्ये ते लाखावर गेलं. त्याच २०१७ च्या जुलैत निफ्टीने पहिल्यांदा दहा हजार ओलांडले होते आणि २०२५ च्या एप्रिलमध्ये तो चोवीस हजारांच्या घरात होता. म्हणजे प्राध्यापकांचं न ऐकणारी आजी जिंकली! वाचायला मजा येते, पण हा युक्तिवाद मला मान्य नाही. निकाल लागल्यावर शहाणपण सांगण्यात काही अर्थ नसतो. दुसरा आठ वर्षांचा काळ निवडला तर उत्तर उलटंही येतं. सोन्याने किती परतावा दिला, हा मुद्दाच नाही. मुद्दा आहे त्या ५ टक्क्यांच्या रकान्याचा.

गुलमंडीवरचा बचतीचा धंदा

पैठणगेटपासून टिळकपथाने गुलमंडीपर्यंत चालत या आणि पुढे सराफ्याकडे वळा. कापडाची दुकानं, भांडी, मसाले, सोनं, बँका, पतसंस्था, सगळं पायी फिरण्याच्या अंतरात. इथल्या छोट्या दुकानदाराची बचत पगारदारासारखी महिन्याच्या एक तारखेला होत नाही. ती रोज संध्याकाळी गल्ल्यातून होते. आणि ती न्यायला कोणीतरी यावं लागतं. तो म्हणजे पिग्मीवाला.

पिग्मी ही कल्पना १९२८ ची, उडुपीतली, टी. एम. ए. पै यांच्या बँकेची, जी पुढे सिंडिकेट बँक झाली. रोज दोन-चार आणे घरी येऊन न्यायचे. महाराष्ट्रात ही पद्धत सहकारी बँका आणि पतसंस्थांनी उचलली आणि बाजारपेठांमध्ये ती इतकी मुरली की 'पिग्मी' हा शब्द आता मराठीच झालाय.

पुस्तकी हिशेबात पिग्मी वाईटच दिसते. व्याज कमी, मुदतीआधी मोडली तर कापतात. मग लोक का भरतात? स्टुअर्ट रदरफोर्ड यांनी 'द पुअर अँड देअर मनी' या पुस्तकात विजयवाड्याच्या ज्योती नावाच्या बाईचं उदाहरण दिलंय. ती झोपडपट्टीत रोज पाच रुपये गोळा करायची. २२० दिवसांत ११०० रुपये व्हायचे, त्यातले १००० ती परत द्यायची आणि १०० स्वतःला ठेवायची. म्हणजे व्याज मिळण्याऐवजी भरावं लागायचं! सरासरी शिल्लक ५५० धरली तर वर्षाला साधारण ३० टक्के उणे व्याज. तरी बायका आनंदाने द्यायच्या, कारण ज्योती आली नसती तर ते पाच रुपये संध्याकाळपर्यंत टिकलेच नसते. लोक पैसे मोजत होते ते शिस्तीसाठी, दारात येणाऱ्या माणसासाठी.

गुलमंडीचा दुकानदार त्याच कारणाने पिग्मी भरतो, आणि त्याला वर थोडं व्याजही मिळतं. यात अडाणीपणा कुठे आहे? वर्षअखेरीस ती रक्कम साठली की त्याच संस्थेचा माणूस सांगतो, 'शेठ, एफडी करून टाका, राष्ट्रीयीकृत बँकेपेक्षा दीड-दोन टक्के जास्त देतो.' शेठ एफडी करतात.

आता सांगा, ही एफडी अहवालाच्या कोणत्या रकान्यात जाईल? त्याच ५ टक्क्यांच्या. वित्तीय मालमत्ता. म्हणजे समितीला जिकडे कुटुंबांनी जावं असं वाटतं, तिकडे हा माणूस आधीच गेलेला आहे.

एकाच शहरातल्या दोन ठेवी

जुलै २०२३ मध्ये आपल्याच शहरातल्या आदर्श नागरी सहकारी पतसंस्थेतल्या सुमारे २०० कोटींच्या घोटाळ्याचा गुन्हा नोंद झाला. ठेवीदार रस्त्यावर आले, मोर्चे निघाले. त्याच वर्षी अजिंठा अर्बन को-ऑपरेटिव्ह बँकही अडचणीत आली आणि एप्रिल २०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेने तिचा परवाना रद्द केला.

वरवर पाहता दोन्ही बातम्या सारख्याच. सहकारी संस्था बुडाली, लोकांचे पैसे अडकले. पण ठेवीदाराच्या बाजूने पाहिलं तर दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे. अजिंठा ही बँक होती, म्हणून तिच्यातल्या ठेवींना ठेव विमा महामंडळाचं, म्हणजे डीआयसीजीसीचं कवच होतं. एका बँकेत एका ठेवीदाराला व्याजासकट पाच लाखांपर्यंत. परवाना रद्द करताना रिझर्व्ह बँकेनेच सांगितलं की ९१ टक्क्यांहून जास्त ठेवीदारांना त्यांची पूर्ण रक्कम विम्यातून मिळू शकते. आदर्श ही पतसंस्था. पतसंस्था रिझर्व्ह बँकेच्या नव्हे, सहकार खात्याच्या देखरेखीखाली येतात आणि त्यांना हा विमा लागूच नाही. तिथल्या ठेवीदाराला उरतं काय, तर गुन्हा, जप्ती, लिलाव, वसुली आणि वाट पाहणं.

हा विमा काही आकाशातून पडलेला नाही. १९६० मध्ये केरळातली पलाई सेंट्रल बँक बुडाली, गोंधळ उडाला आणि १९६२ पासून ठेव विमा सुरू झाला. तेव्हा मर्यादा दीड हजार होती. १९९३ मध्ये ती एक लाख झाली आणि पीएमसी बँकेच्या प्रकरणानंतर, फेब्रुवारी २०२० मध्ये, पाच लाख. म्हणजे प्रत्येक वेळी कोणाचे तरी पैसे बुडाल्यावर थोडी सुधारणा झाली. पतसंस्थेचा ठेवीदार मात्र या सगळ्या सुधारणांच्या बाहेरच राहिला.

आणि अहवालाच्या तक्त्यात या दोन्ही ठेवी शेजारी-शेजारी, एकाच रंगात!

सोन्याला चेअरमन नसतो

इथे माझी मुख्य तक्रार. समितीने मालमत्तेचे प्रकार पाडले ते 'कशात' या प्रश्नावर: जमीन, सोनं, वित्तीय. कुटुंबाला मात्र त्याआधी दुसरा प्रश्न पडलेला असतो: 'कोणाकडे?' शेअर बाजार पडला तर पैसे कमी होतात, ही एक जोखीम. ज्याच्याकडे ठेवले तोच पळाला, ही दुसरी. पहिलीवर पुस्तकंच्या पुस्तकं आहेत. दुसरीचा हिशेब मात्र सरासरीत पार दिसेनासा होतो.

सोन्याकडे या नजरेने पाहा. त्याला संचालक मंडळ नाही, लेखापरीक्षण नाही, चेअरमन नाही. भाव खाली-वर होईल, घरी ठेवलं तर चोरीची धास्ती राहील, घडणावळीत पैसे जातील. पण एखाद्याच्या सहीने ते रात्रीत नाहीसं होत नाही. आणि अडल्यावेळी सराफ्यात नेलं की तासाभरात हातात पैसे. ज्या गल्लीत पतसंस्थेबाहेर ठेवीदारांची रांग लोकांनी पाहिलीय, तिथे थोडं सोनं धरून ठेवणं हा मला तरी व्यवहारी विचार वाटतो.

हे फक्त आपल्याकडेच घडतं असंही नाही. अमेरिकेत २००८ मध्ये मॅडॉफचा घोटाळा उघडकीला आला. गुरुन, स्टॉफमन आणि याँकर या संशोधकांनी नंतर पाहिलं की ज्या समुदायांत त्याचे बळी होते, तिथल्या लोकांनी गुंतवणूक सल्लागारांकडचे पैसे काढून घेतले आणि बँकेतल्या ठेवी वाढवल्या. अमेरिकेतल्या माणसाने विमा असलेल्या बँकेकडे धाव घेतली तर त्याला 'विश्वासाचा प्रश्न' म्हणायचं आणि गुलमंडीतल्या माणसाने सोन्याकडे घेतली तर 'आर्थिक निरक्षरता', हे बरोबर नाही.

अहवालावर अन्याय नको. सल्लागारांनी ग्राहकाचं हित आधी पाहावं यासाठी सर्वांना एकच नियम हवा, ही त्यातली शिफारस महत्त्वाची आहे. सावकारी कर्ज आणि म्हातारपणाची तयारी यांवरची त्यातली प्रकरणं प्रत्येकाने वाचावीत अशी. जुन्या वाड्यात सहा भावंडांचे हिस्से, तोच गुंतवणूक म्हणून मोजायचा आणि साठीनंतरच्या औषधपाण्याला हातात रोख नाही, ही परिस्थिती खरी आहे. सगळं सोन्यात ठेवून हे सुटणार नाही.

मग कुटुंबाने काय करायचं?

कोणतीही योजना समोर आली की परताव्याच्या आधी चार प्रश्न विचारायचे. देखरेख कोणाची? विमा किंवा सरकारी हमी आहे का, असेल तर किती रकमेपर्यंत? पैसे परत यायला किती दिवस लागतील? आणि मला हे विकणाऱ्याला काय मिळतं?

या चार प्रश्नांनी बरीच कोडी सुटतात. पिग्मी ही पैसे गोळा करण्याची सोय म्हणून ठीक, पण साठलेली रक्कम पतसंस्थेत वर्षानुवर्षं मुरवत ठेवायची नाही. बँकेत आणून ठेवायची आणि तिथेही पाच लाखांची मर्यादा लक्षात ठेवून वाटायची. पीपीएफला पंधरा वर्षं लागतात, पण हमी सरकारची आहे. म्युच्युअल फंडात भावाची जोखीम पुरेपूर असते. मात्र युनिटांमागचे शेअर-रोखे फंड कंपनीच्या स्वतःच्या मालमत्तेपासून वेगळे, कस्टोडियनकडे असतात. म्हणून दहा-पंधरा वर्षांच्या पैशासाठी मला ही जोखीम पतसंस्थेच्या जोखमीपेक्षा बरी वाटते: ती रोज एनएव्हीत दिसते. पतसंस्थेची दिसते तेव्हा शटर खाली आलेलं असतं.

आणि आम्हा संशोधकांसाठी एक साधी सूचना. पुढच्या वेळी तक्ता करताना त्या ५ टक्क्यांचे दोन रकाने करा: हमी असलेली वित्तीय मालमत्ता आणि नसलेली. मग कुटुंबांना 'सोनं सोडा, इकडे या' असं सांगताना 'इकडे' म्हणजे नेमकं कुठे, हेही आपल्याला सांगावं लागेल.