प्रमाण संग्रहातील ‘शब्द’: एका प्रस्तावाची चिकित्सा

पायथन या संगणकभाषेच्या प्रमाण संग्रहात, म्हणजे जाणकार ज्यास स्टँडर्ड लायब्ररी म्हणतात तीत, बाहेरच्या लेखकाने रचलेले एखादे मॉड्यूल घ्यावे की न घ्यावे, हा प्रश्न वरकरणी यंत्रज्ञांचा आहे. तो भाषाभ्यासकाचाही कसा ठरतो, हे ‘रेजेक्स’ या मॉड्यूलविषयीच्या प्रस्तावावरून पाहण्याचा येथे विचार आहे.

मजकुरातून ठरावीक नमुन्याचे अक्षरसमूह शोधून काढण्यासाठी पायथनच्या संग्रहात ‘आर-ई’ नावाचे मॉड्यूल आहे. त्यात उलट्या तिरक्या रेघेपुढे ‘डब्ल्यू’ लिहिले असता ‘शब्दात येऊ शकणारे चिन्ह’ असा अर्थ होतो. आता छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातील कन्नड तालुक्यातले देवगाव रंगारी हे गावाचे नाव या मॉड्यूलपुढे ठेवावे आणि त्यातील शब्द मागावेत. दोन शब्दांऐवजी सहा तुकडे हाती येतात: द, वग, व, र, ग, र. कारण उघड आहे. या व्याख्येत अक्षरे, अंक आणि अधोरेषा एवढ्यांनाच स्थान आहे. काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार यांची गणना युनिकोडने जोडचिन्हांत केली असल्याने ती शब्दाबाहेर पडतात. मराठी साहित्य महामंडळाच्या १९६२ च्या नियमांनी अनुच्चारित अनुस्वार तेवढा वगळला होता. येथे ‘रंगारी’मधील स्वच्छ उच्चारला जाणारा अनुस्वारही गेला, आणि त्याच्याबरोबर स्वरही गेले.

हा दोष कोणाच्या ध्यानी आला नव्हता असे नाही. देवनागरी मजकुराचे शब्द असे चिरफाळतात, ही तक्रार पायथनच्या दोषनोंदीत २००७ साली दाखल झाली. २००८ मध्ये जेफ्री जेकब्ज यांनी ‘आर-ई’च्या सुधारणेचा विषय काढला. पुढे मॅथ्यू बार्नेट यांनी त्यातूनच जुन्याशी सुसंगत राहणारे ‘रेजेक्स’ हे स्वतंत्र मॉड्यूल सिद्ध केले आणि ते संग्रहात घ्यावे असा प्रस्ताव पुढे आला. २०११ मध्ये टॉम ख्रिश्चनसन यांनी ‘आर-ई’ची शब्दव्याख्या युनिकोडच्या शिफारशींशी विसंगत असल्याचे दाखवून दिले. ‘रेजेक्स’मध्ये ही व्याख्या विस्तारलेली असून त्यात देवगाव रंगारीचे दोनच शब्द मिळतात. इतके होऊनही ते मॉड्यूल आजतागायत संग्रहाबाहेरच आहे.

विरोधकांची बाजू दुर्बळ आहे असे मात्र म्हणता येणार नाही. संग्रहात शिरलेले मॉड्यूल बाहेर काढणे कोशात शिरलेला शब्द काढण्याइतकेच कठीण असते: निरुपयोगी झालेल्या मॉड्यूलांना निरोप देण्याचा प्रस्ताव २०१९ मध्ये मांडला गेला आणि त्यांतील शेवटची १९ मॉड्यूले २०२४ च्या ३.१३ या आवृत्तीत निघाली. शिवाय देखभालीचे ओझे कोणी वाहावयाचे, हा प्रश्न राहतोच. याहून मार्मिक आक्षेप वेगाचा आहे, आणि तो आपल्याच हिताचा आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये युनिकोड १५.१ ने देवनागरी जोडाक्षर फोडू नये असा नियम घातला. त्यापूर्वी ‘क्ष’चे क् आणि ष असे दोन घटक मोजले जात. पायथनमध्ये युनिकोडची ही आवृत्ती ऑक्टोबर २०२४ मध्ये आली. बाहेरचे मॉड्यूल स्वतःच्या गतीने सुधारता येते; संग्रहातले मॉड्यूल वार्षिक आवृत्तीची वाट पाहत बसते.

तेव्हा संपूर्ण ‘रेजेक्स’ संग्रहात यावे, हा आग्रह प्रस्तुत लेखकास पटत नाही. परंतु मॉड्यूल नाकारणे आणि त्यातील शब्दव्याख्या नाकारणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. चर्चेत त्या एकत्र गोवल्या गेल्या आणि व्याख्या मॉड्यूलाच्या भाग्याशी बांधली गेली. वस्तुतः तसे बांधण्याचे कारण नव्हते. ‘रेजेक्स’मध्ये असलेल्या अविभाज्य गटांसारख्या सोयी २०२२ च्या ३.११ या आवृत्तीत ‘आर-ई’मध्ये सुट्या घेण्यात आल्याच. म्हणजे एखादा भाग उचलून घेण्याचा मार्ग मोकळा होता. तो यंत्रज्ञांच्या सोयीसाठी वापरला गेला, लिपीच्या गरजेसाठी वापरला गेला नाही. ‘आर-ई’ची अधिकृत माहितीपुस्तिकाच वाचकास सांगते की, युनिकोडला अधिक परिपूर्ण आधार हवा असल्यास बाहेरचे ‘रेजेक्स’ पाहावे. प्रमाण व्याकरणाने पहिल्याच पानावर बोलीचे व्याकरण अधिक शुद्ध असल्याचे मान्य करावे, तसाच हा प्रकार झाला.

याहून मोठी विसंगती भाषेच्या पोटातच आहे. २००८ च्या तिसऱ्या आवृत्तीपासून पायथनमध्ये चलाचे नाव देवनागरीत ठेवता येते. ‘देवगाव’ हे तेथे मात्राकान्यासह वैध नाम आहे. भाषेचा वाचक त्यास अखंड स्वीकारतो. तेच नाव मजकुरात आले की मात्र ते शब्द राहत नाही.

जुने कार्यक्रम बिघडतील ही भीती खरी असली तरी तिच्यावर उपाय आहे. जुने व नवे वर्तन निरनिराळ्या निशाण्यांनी निवडण्याची सोय खुद्द ‘रेजेक्स’मध्ये आहे. ‘आर-ई’मध्येही शब्दव्याख्येपुरती अशी एक ऐच्छिक निशाणी देता येईल: जो ती लावणार नाही, त्याचे काहीच बदलणार नाही.

प्रश्न प्रतिष्ठेचा नाही, प्रारंभाचा आहे. नवशिका विद्यार्थी जे आयते मिळते तेच वापरतो. बोलीचे नमुने देवनागरीत उतरवून तो शब्दगणना करावयास बसला की, वारंवारितेच्या यादीत सुटे व्यंजन अग्रभागी येते, आणि यंत्र चुकणार नाही या श्रद्धेने तो ते ‘एकाक्षरी शब्द’ म्हणून नोंदवतो. असे तक्ते वर्गात प्रस्तुत लेखकाने पाहिले आहेत. रोमन लिपीच्या विद्यार्थ्यास हा धोका संभवतच नाही, म्हणून तो चर्चेत क्षुल्लक भासला असावा. निशाणी येईतो आपल्या प्रबंधांत शब्दगणनेच्या प्रत्येक तक्त्याखाली मॉड्यूलाचे नाव, त्याची आवृत्ती व युनिकोडची आवृत्ती नोंदविणे आवश्यक मानावे. आणि ‘आर-ई’ने केलेल्या जुन्या गणना पुन्हा तपासून घ्याव्यात.