चाळीस टक्के कोणाच्या घरी?

विद्यापीठ अनुदान आयोगाने मे २०२१ मध्ये मिश्र अध्यापनाचा मसुदा काढला. विषयाचा ४० टक्क्यांपर्यंतचा भाग ऑनलाइन, उरलेला वर्गात. विद्यार्थ्याला स्थळकाळाचे स्वातंत्र्य मिळेल, असा त्याचा सूर. पण हे स्थळ कोणते? २०१७-१८ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत ग्रामीण भागातील अवघ्या ४.४ टक्के घरांत संगणक होता. इंटरनेटची सोय १४.९ टक्के घरांत. त्यात गावकुसाबाहेरचे घर कोठे बसते, हे वेगळे सांगावयास हवे काय? त्यानंतर मोबाईल पुष्कळ आले. पण एका खोलीत पाच माणसे आणि एक मोबाईल, यास अभ्यासिका म्हणत नाहीत.

बाबासाहेबांनी १९५० साली औरंगाबादेत महाविद्यालय उघडले, ते पुढे मिलिंद झाले. नागसेनवनात वर्गाइतकेच महत्त्व वसतिगृहाला होते. खेड्यातल्या पोराला तेथे दिवा मिळाला, ताट मिळाले, बरोबरीने वाद घालणारे सोबती मिळाले. दलित साहित्याची चर्चा त्या आवारात वाढली, ती अभ्यासक्रमात नव्हती. मसुदाकारांच्या हिशेबात हे शिक्षण कोणत्या टक्क्यात धरले आहे?

यंत्राशी आमचे वैर नाही. दिवसा मजुरी करणारा मुलगा रात्री तेच व्याख्यान तीनदा ऐकू शकतो, ही सोय मोठीच. मग संगणक ग्रंथालयात ठेवा, ते रात्री दहापर्यंत उघडे ठेवा. भीती वेगळीच आहे. तालुक्याच्या महाविद्यालयात प्राध्यापकांच्या जागा वर्षानुवर्षे रिकाम्या आहेत. त्या न भरण्यास संस्थाचालकांना ही ४० टक्क्यांची सबब आयतीच मिळते. आणि रिकाम्या राहणाऱ्या त्या जागांत राखीव जागाही आहेत.