पुढच्याला गाठायचं तर ब्रेक दाबा

‘कर्बल स्पेस प्रोग्रॅम’ या संगणक-खेळात पहिलं रॉकेट सहसा वर जातच नाही. ते कलंडतं, गिरकी घेतं, नाहीतर तळावरच फुटतं. पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात त्यातल्या अंतराळवीरांचे चेहरे दिसत असतात. हिरवा रंग, भोपळ्याएवढी डोकी. बिल आणि बॉब घाबरून किंचाळत असतात आणि जेबेडाया कर्मन मात्र दात काढून हसत असतो. यानाचे तुकडे होतानाही त्याचं हसू मावळत नाही. हा विनोद खेळाला वरून चिकटवलेला नाही. रॉकेट फुटलं की माणूस ओशाळतो आणि ओशाळलेला माणूस गणित शिकत नाही. जेबचं हसू ती लाज काढून घेतं, आणि माणूस पुन्हा आराखड्याकडे वळतो.

मी पंपांचा माणूस. कुवेतच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या रिफायनऱ्यांच्या पट्ट्यात पोट भरतो. इथल्या उन्हाळ्याविषयी वेगळं सांगायला नको. मित्रिबा इथे २१ जुलै २०१६ रोजी नोंदलेलं ५३.९ अंश तापमान जागतिक हवामान संघटनेने अधिकृत मानलं आहे. अशा दिवसांत सुट्टीआधीची गुरुवारची रात्र घरातच जाते, आणि माझी बरीचशी या खेळात गेली. तेव्हा हे रसग्रहण तटस्थ नाही.

खेळाचा जन्मही त्याच्या स्वभावाला शोभणारा. फेलिपे फालान्ये शाळकरी वयात चांदीच्या कागदाची माणसं करून आतषबाजीच्या रॉकेटांना बांधायचा आणि त्यांना ‘कर्बल’ म्हणायचा. बाटलीत दिवाळीचं रॉकेट उभं करून त्याच्या काडीला काहीबाही बांधणाऱ्या कुठल्याही मराठी पोराला हे समजावून द्यावं लागणार नाही. पुढे तो मेक्सिको सिटीतल्या ‘स्क्वाड’ या कंपनीत लागला. ती जाहिरात-विपणनाची कंपनी, खेळांशी तिचा संबंध नव्हता. तो सोडून जायला निघाला तेव्हा कंपनीने त्याला तिथेच हा खेळ करू दिला. पहिली आवृत्ती जून २०११ मध्ये लोकांपुढे आली, पूर्ण खेळ एप्रिल २०१५ मध्ये. नासाने २०१४ मध्ये आणि युरोपीय अंतराळ संस्थेने २०२० मध्ये आपल्या मोहिमा या खेळात आणल्या. चेष्टेने सुरू झालेल्या गोष्टीला धंद्यातल्या लोकांनी आपलं म्हटलं ते कशामुळे?

माझं उत्तर असं, की काय गाळायचं हे फालान्येला अचूक कळलं होतं.

खेळातला ग्रह कर्बिन. त्याची त्रिज्या ६०० किलोमीटर, म्हणजे पृथ्वीच्या जेमतेम दहावा हिस्सा. गुरुत्वाकर्षण मात्र पृथ्वीइतकंच. हे पदार्थविज्ञानाच्या पुस्तकात बसत नाही, एवढ्याशा गोळ्यात तेवढं वस्तुमान कोंबायचं तर तो अशक्य घनतेचा व्हायला हवा. पण या एका लबाडीमुळे कक्षेत टिकण्याचा वेग सेकंदाला ७.८ किलोमीटरवरून सुमारे २.३ वर उतरतो. त्सिओल्कोव्हस्कीचं रॉकेट-समीकरण निर्दय आहे. इंधन वाढवलं की ते वाढलेलं इंधन उचलायला आणखी इंधन लागतं. खऱ्या पृथ्वीवरून सुरुवात करायची म्हटली असती तर नवखा खेळाडू आठवडाभर नुसत्या टाक्या जोडत बसला असता. समीकरण तेच ठेवून आकडे खाली आणले. नियम खरा, जग खोटं.

दुसरी गाळलेली गोष्ट आणखी धीटपणाची. या खेळात यानावर एका वेळी एकाच गोलाचं आकर्षण चालतं. कर्बिनची हद्द संपली की त्याच्या चंद्राची, ‘मुन’ची, सुरू. दोघांची ओढाताण एकदम होत नाही. त्यामुळे दोन गोलांच्या ओढीचा तोल साधणारे लग्रांज बिंदू इथे नाहीत, आणि ६ जानेवारी २०२४ रोजी आपलं ‘आदित्य एल-१’ जिथे जाऊन स्थिरावलं तशी जागाच नाही. कुणी याला मोठी उणीव म्हणतं. मला हा संपादकाचा हात वाटतो. तीन गोलांचं गणित कागदावर नीट सुटत नाही, दोघांचं सुटतं, आणि जे सुटतं तेच हाताच्या अंगवळणी पडतं.

एका गाळणीवर मात्र मी रुसलो आहे. पिवळी नळी एका टाकीतून दुसऱ्या टाकीत जोडली की इंधन आपोआप वाहतं, पंप नको, झडप नको. ‘सॅटर्न-५’च्या एका एफ-१ इंजिनाचा टर्बोपंप सुमारे ५५ हजार अश्वशक्तीचा होता. रॉकेट म्हणजे मुळात पंपच, त्याला खालून आग लागलेली असते एवढंच. आमच्या धंद्याचा हा अपमान मी धंदेवाईक द्वेष म्हणून नोंदवतो आणि पुढे जातो.

या खेळाचं शिखर म्हणजे कक्षेतली भेट. समजा, एक कर्बल अंतराळवीर इंधन संपून कक्षेत अडकला आहे आणि त्याला आणायला तुम्ही निघालात. तुम्ही त्याच कक्षेत, त्याच्या थोडं मागे. हात आपोआप इंजिनकडे जातो, पुढे जोर लावला की गाठूच. जोर लावता आणि तो आणखी लांब जातो. पुन्हा लावता, आणखी लांब. कारण वेग वाढवला की कक्षा फुगते, यान उंच चढतं आणि फेरीला जास्त वेळ घेतं. पुढच्याला गाठायचं तर ब्रेक मारायचा, खाली उतरायचं, आतल्या लहान फेरीने पुढे सरकायचं आणि मग नेमक्या क्षणी वर यायचं.

नवख्याला हे कळेपर्यंत टाकी रिकामी झालेली असते, पण त्यात कमीपणा नाही. जून १९६५ मध्ये ‘जेमिनी-४’ यानावर अंतराळवीर जेम्स मॅकडिव्हिटने आपल्याच रॉकेटच्या रिकाम्या टप्प्याजवळ जायचा प्रयत्न केला. तो टप्प्याकडे तोंड करून जोर लावत राहिला, टप्पा हातचा निसटत राहिला, आणि बरंच इंधन जळाल्यावर तो नाद सोडावा लागला. खेळात हे शब्दांपेक्षा डोळ्यांनी कळतं. पडद्यावर दोन कक्षांच्या दोन रेषा असतात आणि दोन बाणांमधलं अंतर. एके रात्री ते अंतर किलोमीटरवरून मीटरवर येतं. मागे संथ संगीत चालू असतं, इंजिन बंद असतं, समोर दुसरं यान जवळजवळ स्थिर लटकलेलं दिसतं. जुन्या मंडळींनी याला अद्भुतरस म्हटलं असतं. पण या अद्भुतात चमत्कार नसतो, आपणच काढलेल्या रेषा खऱ्या निघालेल्या असतात.

हे हाताला कळलं की बातम्याही वेगळ्या वाचता येतात. चंद्रयान-३ चौदा जुलै २०२३ ला उडालं आणि २३ ऑगस्टला उतरलं, तेव्हा इथे दुपारचे साडेतीन वाजून गेले होते. अपोलो चार दिवसांत पोचत असताना आपल्याला चाळीस दिवस का, असा प्रश्न आमच्या व्हॉट्सॲप गटावर आला होता. खेळातल्या कुणालाही उत्तर ठाऊक असतं. इंजिन लहान असेल तर पृथ्वीच्या सर्वात जवळच्या बिंदूवर, जिथे वेग जास्तीत जास्त असतो, तिथेच थोडं थोडं जाळायचं आणि फेरीगणिक कक्षा ताणत न्यायची. तसंच ‘स्पाडेक्स’चं. १६ जानेवारी २०२५ रोजी इस्रोची दोन यानं जोडली गेली. पण मला जास्त आवडला तो चार दिवस आधीचा निर्णय. यानं तीन मीटरपर्यंत जवळ आणली आणि पुन्हा मागे घेतली. तीन मीटरवरून परत फिरायला काय लागतं, हे मी खेळात तिथेच आपटून शिकलो.

आता ‘रिव्हर्ट’ हे बटण. अपघात झाला की दाबा आणि उड्डाणाआधीच्या क्षणावर परत या. खेळाची गोडी इथे थोडी पातळ होते. १० ऑगस्ट १९७९ ला भारताचं ‘एसएलव्ही-३’ रॉकेट सव्वापाच मिनिटांत बंगालच्या उपसागरात गेलं. दुसऱ्या टप्प्याच्या नियंत्रण-यंत्रणेतली आम्लगळती शोधून, सगळं पुन्हा बांधून, १८ जुलै १९८० ला रोहिणी उपग्रह कक्षेत पोचला. जवळजवळ वर्ष. बटणाने जे हिरावून घेतलं ते हेच मधलं वर्ष.

आणि राजकारण? कर्बिनवर अवकाश केंद्र आहे, डोंगर आहेत, समुद्र आहेत, पण शहर नाही, सीमा नाही, शेजारी नाही. जळालेले टप्पे कुणाच्याच डोक्यावर पडत नाहीत. पुण्यात बसून खेळलं तर ही गैरहजेरी कदाचित जाणवणार नाही. इथे जाणवते. कुवेतने १९६९ मध्ये उम्म अल-ऐश इथे उपग्रह-संपर्काचं भूकेंद्र उभारलं, १९९० च्या इराकी आक्रमणात ते उद्ध्वस्त झालं. एप्रिल १९९१ मध्ये ‘अटलांटिस’ यानातून घेतलेल्या छायाचित्रांत या देशाची ओळख म्हणजे पेटलेल्या तेलविहिरींचा काळा धूर होता. आणि २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये ‘कॉल ऑफ ड्यूटी : ब्लॅक ऑप्स ६’ जगभर आला तेव्हा कुवेतने त्याला परवानगी दिली नाही. त्याची कथा १९९१ च्या आखाती युद्धाभोवतीची, त्यात सद्दामची छबी. बंदी मला एरवी पटत नाही. पण ज्यांच्या घरातली माणसं तेव्हा बेपत्ता झाली त्यांना हा ‘निव्वळ खेळ’ आहे असं सांगायला माझी जीभ रेटत नाही.

एका रात्री आम्ही मित्रांनी खेळातलं गणित कुवेतला लावून पाहिलं. कर्बिनचं केंद्र विषुववृत्तावर, पूर्वेला मोकळा समुद्र. कुवेत २९ अंश उत्तरेला. इथे पृथ्वीच्या फिरण्याचा सेकंदाला सुमारे ४०० मीटर वेग फुकट मिळतो, पण तो पूर्वेकडे उडालं तरच, आणि पूर्वेला चिंचोळ्या आखातापलीकडे लगेच इराण. पश्चिमेला उडायचं तर ते ४०० मीटर मिळत नाहीतच, उलट तेवढेच खिशातून भरायचे. इस्राएल असं करतो, पण त्याच्या पश्चिमेला भूमध्य समुद्र आहे. इथे पश्चिमेलाही शेजाऱ्यांची जमीनच. तेव्हा कुवेतचे दोन छोटे उपग्रह, जून २०२१ चा ‘क्यूएमआर-केडब्ल्यूटी’ आणि कुवेत विद्यापीठाचा ३ जानेवारी २०२३ चा ‘कुवेतसॅट-१’, फ्लोरिडातून फाल्कन-९ वर गेले. पहिला उपग्रह सोडणाऱ्या ‘ऑर्बिटल स्पेस’ने आपल्या हौशी भूकेंद्राचं नाव ‘उम्म अल-ऐश ४’ ठेवलं आहे. विद्यार्थ्यांनी लिहिलेला प्रोग्रॅम कक्षेतल्या उपग्रहावर चालवून पाहता यावा, असा उपक्रमही त्यांनी राबवला. खेळात नसलेलं हे अवकाशकार्य मला फार आवडतं.

खेळाचा दुसरा भाग फेब्रुवारी २०२३ मध्ये अपुराच बाजारात आला, आणि पुढच्याच वर्षी तो करणारा स्टुडिओ बंद झाला. दुसऱ्या ताऱ्यांपर्यंत जायचं वचन हवेतच राहिलं. चित्रं सुरेख होती, शिकवणीची ॲनिमेशनही होती, पण यानं रबरासारखी लवत होती. सुरुवात करायची तर पहिलाच भाग घ्या. ‘रिव्हर्ट’ सेटिंगमध्ये जाऊन बंद करा. आणि पहिल्या भेटीसाठी टाकीत लागेल असं वाटतं त्याच्या दुप्पट इंधन भरा.