मूतखड्याचा वर्णपट आणि त्याचे वाचन

मूतखड्यांची रासायनिक घटना वर्णपटाच्या साहाय्याने निश्चित करण्याचे काम रसायनशास्त्र व भौतिकी या दोन्ही विषयांच्या पदव्युत्तर विभागांत कित्येक वर्षे चालू आहे. साहित्य मिळण्यासारखे, उपकरण हाताशी असलेले आणि विषय लोकोपयोगी. तेव्हा विद्यार्थ्यांची त्याकडे ओढ असावी हे स्वाभाविकच होय. या अभ्यासांचा साचाही आता जवळजवळ ठरून गेला आहे. रुग्णालयातून खडे आणावयाचे, ते धुऊन वाळवावयाचे, कुटून त्यांचे चूर्ण करावयाचे, अवरक्त वर्णपट घ्यावयाचा, त्यातील पट्ट्यांचे कोष्टक मांडावयाचे आणि खडा कॅल्शियम ऑक्झॅलेटचा आहे असा निर्वाळा द्यावयाचा. निर्वाळा बहुधा खरा असतो. कारण मूतखड्यांपैकी बहुसंख्य त्याच क्षाराचे असतात. परंतु जे उत्तर खडा न पाहताही बहुतेक वेळा बरोबर ठरले असते, ते मिळविण्यासाठी वर्णपटाचा खटाटोप कशाला, हा प्रश्न या अभ्यासांना विचारणे अगत्याचे आहे. रत्नागिरी जिल्ह्याचे उदाहरण समोर ठेवले म्हणजे या प्रश्नाचा रोख ध्यानात येतो.

प्रथम पद्धतीचे श्रेय पद्धतीला दिले पाहिजे. शेले याने १७७६ मध्ये मूत्राशयातील खड्यात यूरिक अम्ल शोधले आणि वुलस्टन याने १७९७ मध्ये खड्यांचे आणखी प्रकार वर्णिले. तेव्हापासून दीडशे वर्षे खड्याची परीक्षा प्रामुख्याने अम्ल, अल्कली आणि ज्वाला यांच्या साहाय्याने होत असे. या परीक्षेत आयन कळतात, संयुग कळत नाही. एकाच खड्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम, अमोनियम, फॉस्फेट व ऑक्झॅलेट आढळले, तर त्यांपैकी कोण कोणाशी बद्ध आहे, हे परीक्षानळी सांगू शकत नाही. वर्णपट हा रेणूंतील बंधांच्या कंपनांचा आलेख असल्यामुळे तो संयुगाची ओळख देतो, आणि त्यासाठी एक-दोन मिलिग्रॅम चूर्ण पुरते. १९५५ साली बायशर याने मूतखड्यांचे अवरक्त विश्लेषण प्रसिद्ध केले, तेव्हा या विद्येला खरोखरच नवी दृष्टी लाभली.

या दृष्टीचे सर्वांत मोठे फळ म्हणजे कॅल्शियम ऑक्झॅलेटच्या दोन रूपांतील भेद. एका रूपात प्रत्येक घटकामागे पाण्याचा एक रेणू असतो, दुसऱ्यात दोन. आयन तेच असल्यामुळे जुन्या परीक्षेला हे दोघे सारखेच दिसत. वैद्यकाच्या दृष्टीने मात्र ते सारखे नव्हेत. एकजलीय खडा बहुधा मूत्रातील ऑक्झॅलेटच्या आधिक्याकडे बोट दाखवितो, द्विजलीय खडा कॅल्शियमच्या आधिक्याकडे; शिवाय एकजलीय खडा आघाततरंगांनी फोडण्यास अधिक चिवट असतो. अवरक्त वर्णपटात एकजलीय रूपाचे ठळक पट्टे सुमारे १६२० व १३१७ प्रति सेंटिमीटर या तरंगांकांशी येतात, तर द्विजलीय रूपाचे तेच पट्टे किंचित वर सरकलेले असतात. रमण वर्णपटात भेद याहून स्पष्ट होतो: एकजलीय रूपाची सुमारे १४६३ व १४९० येथील जोडरेषा द्विजलीय रूपात १४७५ च्या आसपासच्या एकाच रेषेत दिसते. असे असता केवळ ‘कॅल्शियम ऑक्झॅलेट’ एवढेच लिहून थांबणारा प्रबंध वर्णपट घेऊनही परीक्षानळीच्या पलीकडे गेला नाही, असेच म्हणावे लागते.

हा भेद टिपण्यात एक व्यावहारिक अडचण आहे आणि ती रत्नागिरीस विशेष जाणवणारी आहे. चूर्ण ज्या पोटॅशियम ब्रोमाइडमध्ये मिसळून चकती दाबतात, तो क्षार हवेतील बाष्प शोषून घेतो. शोषलेल्या पाण्याचा एक पट्टा ३४०० च्या आणि दुसरा १६४० च्या आसपास उमटतो. म्हणजे दोन रूपांतील भेद जेथे शोधावयाचा, नेमक्या त्याच जागा हे पाणी व्यापून बसते. वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस झेलणाऱ्या किनाऱ्यावर श्रावणात दाबलेली चकती आणि माघात दाबलेली चकती यांची साक्ष एकाच तोलाची मानता येत नाही. क्षार नीट वाळविणे, निव्वळ क्षाराच्या चकतीचा वर्णपट शेजारी ठेवणे, १००० च्या खालील पट्ट्यांची साक्ष घेणे, किंवा चकतीची गरज नसलेली परावर्तनाची पद्धत वापरणे हे उपाय परिचित आहेत. परंतु त्यांचा उल्लेख प्रबंधात नसेल, तर वाचकाने आकड्यांवर विश्वास कशाच्या आधारे ठेवावा?

खडा वाळविण्याच्या कृतीतही असाच धोका आहे. मॅग्नेशियम अमोनियम फॉस्फेटचा खडा, ज्याला स्ट्रुव्हाइट म्हणतात, सुमारे ५५ अंश सेल्सियसच्या पुढे अमोनिया व पाणी गमावू लागतो. तो तापलेल्या भट्टीत रात्रभर ठेवला, तर सकाळी निराळाच पदार्थ हाती येतो. स्ट्रुव्हाइट ही मूत्रमार्गातील विशिष्ट जीवाणूंच्या संसर्गाची खूण होय. ती प्रयोगशाळेतच पुसली गेली, तर रुग्णाचा संसर्ग तसाच राहतो आणि खडा पुन्हा होतो.

याहून गंभीर आक्षेप आहे तो सबंध खडा कुटण्यावर. खडा थराथराने वाढतो. त्याचे केंद्र आरंभाची आणि कवच अलीकडची हकीकत सांगते. रँडल याने १९३७ मध्ये दाखविले की, पुष्कळ खड्यांचे मूळ मूत्रपिंडाच्या अंकुरावरील चुनखडीसारख्या लहानशा लेपात असते. हा लेप बहुधा अ‍ॅपटाइटचा असतो. वजनाने तो इतका अल्प असतो की, सबंध खड्याच्या चूर्णात त्याचा १०३५ च्या आसपासचा फॉस्फेटचा पट्टा ऑक्झॅलेटच्या गर्दीत सहज हरवतो. चूर्णाचा वर्णपट सरासरी सांगतो. आणि सरासरीत नेमके तेच नाहीसे होते, ज्याच्यामुळे खडा झाला.

या बाबतीत मुंबई इलाख्यातीलच एक जुना आदर्श आठवण्याजोगा आहे. १८५८ साली मुंबईस आलेले आणि ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयात अध्यापन करून पुढे साताऱ्याचे सिव्हिल सर्जन झालेले हेन्री व्हॅन्डाइक कार्टर यांनी १८७३ साली मूतखड्यांवर एक ग्रंथ प्रसिद्ध केला. ग्रेच्या शरीररचनाशास्त्राची चित्रे काढणारे कार्टर ते हेच. सूक्ष्म रचना आणि घडणीची रीत हे दोन विषय त्यांनी ग्रंथाच्या नावातच एकत्र ठेवले होते. त्यांच्यापाशी अवरक्त किरणांचे उपकरण नव्हते. परंतु खडा कशाचा आहे या प्रश्नाबरोबरच तो कसा झाला हा प्रश्न त्यांनी विचारला. उपकरण सुधारले आणि प्रश्न आखूड झाला, अशी स्थिती आज अनेक प्रबंधांत दिसते. संगणकातील संग्रहाशी वर्णपट ताडून मिळणारा जुळणीचा अंक हेच विश्लेषण मानण्याची प्रवृत्ती या आखूडपणात भर घालते. हा अंक मुख्य घटकाचे नाव सांगतो. अल्प प्रमाणातील सोबत्याविषयी तो बहुधा मौन पाळतो.

आता रत्नागिरीतील लोकसमजुती पाहाव्यात. कारण खड्याच्या अहवालातील एखादा शब्द अखेर रुग्णाच्या ताटापर्यंत जातो. विहिरीच्या जड पाण्याने खडे होतात, हे स्पष्टीकरण सर्वत्र ऐकू येते. परंतु जांभा हा दगडच मुळी पावसाने चुन्याचा अंश धुऊन नेल्यावर उरलेल्या लोह व अ‍ॅल्युमिनियम यांच्या ऑक्साइडांचा आहे आणि त्यातले पाणी सामान्यतः मृदू असते. तेव्हा कॅल्शियमचा खडा दिसताच विहिरीला दोष देणे येथे तरी असमंजसपणाचे ठरेल. दूध वर्ज्य करण्याचा सल्लाही याच तर्काचे अपत्य होय. १९९३ साली कर्हन व त्यांच्या सहकाऱ्यांनी सुमारे ४५,००० पुरुषांच्या पाहणीतून उलटच दाखविले: आहारात कॅल्शियम अधिक असणाऱ्यांना खडे कमी होतात. कॅल्शियम आतड्यातच ऑक्झॅलेटला बांधून ठेवते, हे त्याचे संभाव्य कारण सांगितले जाते.

कुळथाच्या काढ्याने खडा विरघळतो या श्रद्धेची परीक्षा काचेच्या भांड्यात खडा बुडवून केली जाते. खड्याची घटना आधी निश्चित केलेली नसेल, तर त्या परीक्षेला अर्थ नाही. यूरिक अम्लाचा खडा मूत्र अल्कलीयुक्त केल्याने विरघळू शकतो, ऑक्झॅलेटचा विरघळत नाही. रातांब्याच्या सालीत हायड्रॉक्सिसिट्रिक अम्ल असते, आणि त्याचा आयन एकजलीय ऑक्झॅलेटच्या स्फटिकांची वाढ रोखतो, असे २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसून आले. हा निष्कर्ष आशादायक खरा. पण स्फटिकाविषयीचा निष्कर्ष कोकमाच्या सरबताला परस्पर लागू करता येत नाही. शिवाय ज्याचा खडा यूरिक अम्लाचा किंवा स्ट्रुव्हाइटचा आहे, त्याच्याशी या निष्कर्षाचा संबंधच काय?

सारांश, रत्नागिरीतील खड्यांवर जो अभ्यास होईल, त्याने प्रथम खड्याचे बाह्यरूप नोंदवावे, तो मधोमध कापून केंद्र व कवच यांचे नमुने निराळे घ्यावेत, वाळविण्याचे तापमान सांगावे आणि ज्ञात प्रमाणाच्या मिश्रणांवर आपली पद्धत आधी पारखून घ्यावी. लेसरने फोडलेल्या खड्याचा तुकडा कोणत्या थरातला हे कळत नसेल, तर तसे लिहावे. रुग्णाचे नाव गाळून त्याचा तालुका, व्यवसाय आणि मूत्राची आम्लता यांची नोंद सोबत असावी; उन्हात राबणाऱ्या बागेतल्या गड्याचा आणि सावलीत बसणाऱ्या कारकुनाचा खडा एकाच कोष्टकात अनामिक होऊ नये. आणि शेवटचे म्हणजे, शक्य तेथे खड्याचा अर्धा भाग न कुटता जपून ठेवावा. कार्टर यांना ग्रँट महाविद्यालयाच्या संग्रहालयातील खड्यांचा वृत्तांत लिहिता आला, तो ते खडे कोणी तरी शाबूत ठेवले होते म्हणूनच.