श्रेय नळीचे की लोखंडाचे?

मधुमेही माणूस असलेल्या घरात ग्लुकोमीटर आता थर्मामीटरइतकाच ओळखीचा झाला आहे. त्याच्या पट्टीवर काळपट रेघा दिसतात. बहुतेक पट्ट्यांत त्या कार्बनच्या शाईने छापलेल्या असतात. पेन्सिलीच्या शिशात असते त्याच ग्रॅफाइटच्या जातीची ही शाई. साध्या, स्वस्त कार्बनवर काम भागत असताना गेली वीस-पंचवीस वर्षे कार्बनच्या अब्जांश नळ्या आणि ग्राफीन यांवर आधारलेल्या जैवसंवेदकांचे शोधनिबंध हजारोंनी निघत आहेत. त्यांच्या बातम्याही छापून येतात आणि विद्यार्थी ती कात्रणे वर्गात आणतात. म्हणून या दाव्यांची थोडी उलटतपासणी करू.

आधी मूळ युक्ती. १९६२ साली अमेरिकेत लेलंड क्लार्क आणि चॅम्प लायन्स यांनी ऑक्सिजन मोजणाऱ्या इलेक्ट्रोडवर ग्लुकोज ऑक्सिडेज या विकराचा थर बसवण्याची कल्पना मांडली. हे विकर ग्लुकोजचे ऑक्सिडीकरण करते. त्यात ऑक्सिजन खर्च होतो आणि हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होते. ऑक्सिजन किती घटला यावरून ग्लुकोज किती होते ते कळते. पुढे पेरॉक्साइडच मोजण्याची पद्धत आली. पण त्यासाठी इलेक्ट्रोडला बराच विद्युतदाब द्यावा लागतो. तेवढ्या दाबाला रक्तातील क जीवनसत्त्व, यूरिक आम्ल आणि रुग्णाने घेतलेले पॅरासिटामॉलही इलेक्ट्रॉन देऊन मोकळे होतात, आणि उपकरण सगळ्यांची बेरीज ग्लुकोजच्या नावावर मांडते.

येथे कार्बनच्या नळ्या आल्या. जपानच्या सुमिओ इजिमा यांनी १९९१ मध्ये त्यांच्याकडे जगाचे लक्ष वेधले होते. या नळ्या इलेक्ट्रोडवर पसरल्या की पेरॉक्साइडची अभिक्रिया कमी विद्युतदाबालाच होते, असे २००३ च्या सुमारास दिसून आले. उत्साह साहजिकच होता. पण कमी दाबाला काम होते हे निरीक्षण झाले. ते नळीच्या अंगच्या गुणामुळे होते, हा त्याचा लावलेला अर्थ. या दोहोंत जी फट असते तिच्यात ऑक्सफर्डच्या रिचर्ड कॉम्प्टन यांच्या गटाने बोट घातले. नळ्या वाढवताना लोखंड, निकेल किंवा कोबाल्टचे बारीक कण उत्प्रेरक म्हणून वापरतात. नंतर आम्लाने धुतले तरी ते सगळे जात नाहीत, कारण काही कणांभोवती कार्बनचेच वेष्टण तयार झालेले असते. या गटाने २००६ मध्ये दाखवून दिले की पेरॉक्साइडच्या बाबतीत काम करत होते ते नळ्यांत राहून गेलेले लोह ऑक्साइडचे कण.

आठवीतला विद्यार्थी वाटाण्याचे एक रोप उजेडात आणि एक अंधारात ठेवतो, तेव्हा त्याला तुलनेची कुंडी लागते हे आपण शिकवतोच. नळीच्या प्रयोगातही तशी कुंडी हवी होती: नुसते ग्रॅफाइट आणि नुसते लोह ऑक्साइड. बऱ्याच निबंधांत ती नव्हती. या सवयीची पुरती थट्टा २०२० मध्ये मार्टिन पुमेरा आणि सहकाऱ्यांनी केली. त्यांनी ग्राफीनमध्ये चक्क पक्ष्यांची विष्ठा मिसळली, आणि त्या ग्राफीनची विद्युत-उत्प्रेरकता साध्या ग्राफीनपेक्षा चांगली निघाली! निबंध रीतसर प्रसिद्धही झाला.

दुसरा दावा अधिक आकर्षक आणि म्हणून अधिक चिवट. ग्लुकोज ऑक्सिडेजचे क्रियाशील केंद्र, म्हणजे एफएडी नावाचा सहघटक, प्रथिनाच्या पोटात सुमारे दीड अब्जांश मीटर आत दडलेले असते. बारीक नळी तारेसारखी आत शिरते आणि इलेक्ट्रॉन थेट बाहेर काढते, असे चित्र कितीतरी निबंधांत रंगवलेले आहे. पुरावा म्हणून विद्युतप्रवाहाच्या आलेखातील दोन शिखरे दाखवली जात. पण विकरातून सुटून इलेक्ट्रोडवर चिकटलेले मोकळे एफएडीही तशीच शिखरे देते. मग खरी कसोटी कोणती? ऑक्सिजन पूर्ण काढून टाका आणि ग्लुकोज घाला. दावा खरा असेल तर प्रवाह वाढला पाहिजे. २०१८ मध्ये साउथहॅम्प्टनच्या फिलिप बार्टलेट आणि फिरास अल-लोलागे यांनी प्रसिद्ध झालेले निबंध तपासून, मूळ स्वरूपातील या विकराबाबत थेट देवाणघेवाणीचा पुरावाच नाही, असा निष्कर्ष काढला. गंमत म्हणजे यांतील बरेच संवेदक ग्लुकोज मोजत होतेच, पण ऑक्सिजन घटतो त्यावरून. म्हणजे नव्या वेष्टणात १९६२ चाच क्लार्क!

विकराला तार जोडण्याचे काम प्रत्यक्षात झाले ते वेगळ्या वाटेने. अ‍ॅडम हेलर यांनी ऑस्मियमयुक्त बहुवारिकाचे जाळे विकराभोवती विणले. दंडावर चिकटवून चौदा दिवस ग्लुकोज मोजणारे जे संवेदक युरोपात २०१४ पासून मिळू लागले, त्यांतील एका प्रमुख उपकरणाचे मूळ या कामात आहे.

याचा अर्थ नळ्या कुचकामी आहेत असा नव्हे. एकपदरी नळ्या निकट-अवरक्त प्रकाश देतात. तो ऊतींतून बराच पार जातो आणि रंगद्रव्यांसारखा विटत नाही. एमआयटीतील मायकेल स्ट्रॅनो यांच्या गटाने २०१३ मध्ये उंदरांच्या कातडीखाली बसवलेला नायट्रिक ऑक्साइडचा असा संवेदक चारशेहून अधिक दिवस टिकल्याचे दाखवले. हा गुण नळीचा स्वतःचा आहे, लोखंडाकडून उसना घेतलेला नाही.

इतकी काटेकोर चिकित्सा कशाला, असे वाटू शकेल. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००९ मध्ये दिलेला इशारा पाहा. काही पट्ट्यांतील विकराला ग्लुकोज आणि माल्टोज यांतला फरक कळत नव्हता. पोटातून डायलिसिस करताना वापरल्या जाणाऱ्या एका द्रवातून रुग्णाच्या रक्तात माल्टोज तयार होते. मीटरने साखर वाढल्याचे दाखवले, त्यावर इन्सुलिन दिले गेले, आणि प्रत्यक्षातली साखर धोक्याच्या खाली गेली. अशा चुकीशी निगडित १३ मृत्यूंची नोंद त्या इशाऱ्यात होती. संवेदकाने आपल्या पदार्थाला ओळखणे पुरेसे नाही; इतरांना न ओळखणेही तितकेच गरजेचे. स्वच्छ द्रावणात केलेल्या प्रयोगातून ते कळत नाही.

मुदत संपलेल्या, न वापरलेल्या पट्ट्या मिळाल्या तर वर्गात हे करून पाहता येईल. रक्त मुळीच नको. अर्धा लिटर पाण्यात एक ग्रॅम ग्लुकोजची पूड विरघळवून आदल्या दिवशी ठेवावी. दुसऱ्या भांड्यात तेवढ्याच पाण्यात दोन ग्रॅम साखर. मीटर रक्तासाठी जुळवलेला असल्यामुळे आकडे अचूक नसतील, फरक मात्र दिसेल. मग साखरेच्या पाण्यात लिंबू पिळून ते अर्धा तास मंद उकळावे, आटलेले पाणी भरून काढावे, आणि गार झाल्यावर पुन्हा थेंब लावावा. आकडा वाढला तर साखरेचे ग्लुकोज झाले म्हणून लगेच टाळ्या वाजवू नयेत. नुसत्या लिंबूपाण्याचाही एक थेंब लावून पाहावा. लिंबात क जीवनसत्त्व असते.