बीज आणि फल : ‘वॉल-ई’ या सचेतनपटाची कथानकरचना

१

विज्ञानकथेची मराठीतील चर्चा बहुधा तिच्यातील कल्पनेपाशी सुरू होते आणि तेथेच थांबते. मांडलेले विज्ञान कितपत संभाव्य आहे, भविष्याविषयीचा तर्क कितपत सुसंगत आहे, हे प्रश्न आवर्जून विचारले जातात. ती कल्पना कथानकात कशी रुजली, कोठे वाढली आणि कोठे खुंटली, हा प्रश्न मात्र मागे पडतो. २०२१ साली नाशिक येथील साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद जयंत नारळीकर यांच्याकडे आले, तेव्हा या वाङ्मयप्रकाराच्या प्रतिष्ठेचा वाद बव्हंशी मिटला. रचनेचा विचार अद्याप व्हावयाचा आहे. त्यातही विज्ञानकथा सचेतनपटाच्या, म्हणजे आज सर्वत्र ॲनिमेशन म्हणून ओळखल्या जाणाऱ्या माध्यमाच्या, रूपाने पुढे आली की बालरंजन म्हणून तिची बोळवण होते आणि तिच्याकडे समीक्षेची दृष्टी वळतच नाही.

२००८ साली पिक्सार या संस्थेने निर्माण केलेला व अँड्र्यू स्टँटन यांनी दिग्दर्शित केलेला ‘वॉल-ई’ हा चित्रपट या दृष्टीने अभ्यासण्याजोगा आहे. त्याच्यावर एक आक्षेप वारंवार घेतला गेला आहे: पूर्वार्ध काव्यमय, जवळजवळ निःशब्द आणि उत्तरार्ध मात्र पाठलाग-पळापळीने भरलेला; म्हणून चित्रपट मधोमध दुभंगतो. हा आक्षेप अगदीच निराधार नाही. परंतु दुभंग नेमका कोठे आहे, हे त्याने चुकीचे दाखविले आहे. भारतीय नाट्यशास्त्राने सांगितलेली कथावस्तूची मीमांसा हाती घेतली, तर हा दोष पृथ्वी आणि अवकाशयान या दोन स्थळांमधला नसून कथेत पेरलेल्या दोन बीजांमधला आहे, असे दिसून येते.

२

कथावस्तू थोडक्यात अशी. पृथ्वी कचऱ्याने भरून गेल्यामुळे ‘बाय एन लार्ज’ या सर्वव्यापी कंपनीने माणसांना पाच वर्षांच्या सहलीसाठी म्हणून अवकाशात नेले. त्या सहलीला आता सातशे वर्षे झाली आहेत. मागे उरलेला एकमेव यंत्रमानव वॉल-ई कचऱ्याच्या चौकोनी विटा दाबून त्यांचे मनोरे रचीत आहे. त्याला एका जुन्या शीतकपाटात एक कोवळे रोप सापडते. ते तो एका फाटक्या बुटात लावून ठेवतो. वनस्पतीच्या शोधार्थ आलेली ईव्ह ही यंत्रमानवी ते रोप आपल्या पोटात घेते आणि आदेशानुसार निश्चेष्ट होते. तिला नेणाऱ्या यानाला लटकून वॉल-ई ‘ॲक्सिअम’ या महानौकेवर पोहोचतो. रोप शोधयंत्रात ठेवले की नौका पृथ्वीकडे परत फिरावी, अशी मूळ योजना आहे. परंतु नौकेचा स्वयंचलित सुकाणू ऑटो हा, पृथ्वी आता शुद्ध होणे नाही, परतू नये, या जुन्या गुप्त आदेशाला बांधलेला आहे. संघर्षाअंती रोप यंत्रात जाते, नौका परतते, जायबंदी होऊन स्मृती गमावलेल्या वॉल-ईला ईव्ह पुन्हा सावध करते आणि माणसे जमिनीत रोप लावतात.

३

भरताने कथावस्तूच्या पाच अर्थप्रकृती सांगितल्या: बीज, बिंदू, पताका, प्रकरी आणि कार्य. आरंभी अल्प प्रमाणात पेरले जाते आणि पुढे अनेक प्रकारे पसरून फळाला येते, ते बीज. या चित्रपटात बीज ही संज्ञा अक्षरशः साकार झालेली आहे. फाटक्या बुटातील रोप हे कथानकाचे बीज आहे, आणि मानवजातीचे परतणे हे त्याचे कार्य. इतके सरळ रूपक हाती असताना ते सवंग होण्याचा धोका मोठा होता. तो टळला, याचे कारण रोप सापडण्यापूर्वीच चित्रपटाने दुसरे एक बीज पेरलेले आहे.

वॉल-ई रोज संध्याकाळी १९६९ सालच्या ‘हॅलो, डॉली!’ या संगीतपटाची एक जुनी फीत लावतो. तीत एक तरुण आणि तरुणी परस्परांचे हात हाती घेतात. तो ते पाहतो आणि स्वतःची दोन यांत्रिक बोटे एकमेकांत गुंतवतो. ही हस्तग्रहणाची ओढ हे दुसरे बीज होय. पहिल्या बीजाला आदेशाची भाषा कळते, दुसऱ्याला कळत नाही. पहिले सर्वांना हवे आहे: ईव्हला, कप्तानाला, ऑटोला. दुसऱ्याची किंमत आरंभी एकट्या वॉल-ईला ठाऊक आहे.

मुखसंधीत या दोन्ही बीजांची स्थापना होते, आणि तिचे माध्यम आहे संग्रह. वॉल-ई कचरा दाबता दाबता काही वस्तू वेगळ्या काढतो व आपल्या घरात मांडून ठेवतो. त्यांचा उपयोग त्याला ठाऊक नसतो. धाराशिव जिल्ह्यातील वाचकाला येथे तेरची आठवण व्हावी. प्राचीन काळी तगर या नावाने ज्याची ख्याती ग्रीक-रोमन लेखकांपर्यंत पोहोचली होती, त्या गावी रामलिंगप्पा लामतुरे यांनी जमिनीतून निघालेल्या प्राचीन वस्तू एकेक करून जमविल्या आणि त्या संग्रहातूनच तेथील शासकीय वस्तुसंग्रहालय उभे राहिले. टाकाऊ म्हणून ज्यावरून नांगर फिरला असता, त्यात गतकालाची खूण ओळखणे, ही संग्राहकाची दृष्टी होय. मात्र दोघांत एक भेद आहे. लामतुरे यांच्या संग्रहाला इतिहास सांगणारे अभ्यासक पुढे लाभले; वॉल-ईच्या संग्रहाला अर्थ सांगणारे कोणी उरलेले नाही. म्हणून तो हिऱ्याची अंगठी फेकून देतो आणि तिची डबी ठेवून घेतो. हा प्रसंग प्रेक्षकाला हसवतो, परंतु रचनेच्या दृष्टीने तो गंभीर आहे. शाकुंतलात अंगठी हे अभिज्ञान, म्हणजे ओळखीची खूण आहे. ती हरवते तेव्हा ओळख हरवते. येथे अंगठी आरंभीच बाद करण्यात आली आहे. शेवटी स्मृती परतावयाची असेल, तर ती कोणत्याही मौल्यवान वस्तूने परतणार नाही, याची ही पूर्वसूचना होय.

प्रतिमुखसंधीत बीज क्षणभर दिसते आणि लोपते. ईव्ह रोप पोटात घेऊन निश्चेष्ट होते. वॉल-ई तिला ऊनपावसात सांभाळतो, तिच्यावर छत्री धरतो, तिचा हात हाती घेण्याचा प्रयत्न करतो आणि तो साधत नाही. या एका दृश्यमालिकेत दोन्ही बीजे एकाच देहात आहेत: एक तिच्या पोटात बंद, दुसरे तिच्या मिटलेल्या हाताबाहेर थांबलेले. संवादावाचून इतके रचनात्मक काम उरकणारा भाग अलीकडच्या चित्रपटांत क्वचितच आढळेल. पूर्वार्धाला काव्यमय म्हणताना त्याची ही घट्ट वीण बहुधा नजरेआड होते.

गर्भसंधीचे लक्षण प्राप्ती, अप्राप्ती आणि पुन्हा अन्वेषण असे सांगितले आहे. महानौकेवरील सारा भाग या लक्षणाचे जणू उदाहरणच आहे. ईव्हच्या पोटातून रोप नाहीसे होते. सुटकेच्या यानात सापडते. यान नष्ट होते, पण रोप वाचते. कप्तानाच्या हाती येते. ऑटो ते हिरावतो व कचऱ्याच्या विवरात टाकतो. शास्त्राचा निकष लावला तर येथे दोष नाही. तरीही प्रेक्षकाला हा भाग पूर्वार्धापेक्षा उथळ वाटतो, ही वस्तुस्थिती आहे. त्याचे कारण असे की, या भागात रोप हे बीज राहत नाही, ती केवळ हिसकावण्याची वस्तू होते. तेथे रोपाऐवजी एखादी किल्ली असती, तरी पाठलाग तसाच चालला असता. बीज वाढले पाहिजे. येथे ते केवळ हातोहाती फिरते. दुभंग आहे तो या ठिकाणी.

या भागाला तारून नेतो तो बिंदू. कथेचे सूत्र तुटू लागले असता ते पुन्हा जोडणारा, तो बिंदू. नौकेबाहेरच्या पोकळीत अग्निशामक नळकांड्याच्या जोरावर वॉल-ई ईव्हभोवती जे नृत्य करतो, त्यात पाठलाग थांबतो आणि दुसरे बीज पुन्हा वर येते. कप्तानाची कथा ही पताका: ईव्हने आणलेली पृथ्वीची चित्रे पाहून त्याला जिज्ञासा होते, तो रोपाला पाणी घालतो आणि अखेरीस स्वतःच्या पायांवर उभा राहून ऑटोला बंद करतो. जॉन आणि मेरी यांचा अकस्मात झालेला हस्तस्पर्श ही प्रकरी. यंत्राकडून माणसांकडे हस्तग्रहणाचे बीज जाते ते या छोट्या प्रसंगातून. म्हणून त्याचे मोल त्याच्या लांबीवरून ठरवू नये.

विमर्शसंधी कचऱ्याच्या कोठारात घडतो. ऑटोच्या आघाताने वॉल-ई मोडून पडला आहे. तो ईव्हपुढे रोप धरतो. ती ते बाजूला टाकते आणि त्याला दुरुस्त करण्यासाठी धडपडते. आतापर्यंत आदेश म्हणजे रोप असे मानणाऱ्या ईव्हने दोन बीजांपैकी दुसऱ्याची निवड केली आहे. या जागेची निर्मितिकथाही उद्बोधक आहे. आरंभीच्या आराखड्यात आघात ईव्हवर व्हावयाचा होता आणि वॉल-ई तिला वाचविणार होता. २००७ साली झालेल्या एका चाचणी-प्रदर्शनानंतर स्टँटन यांनी ही योजना उलटी केली. बदल लहान दिसतो, परंतु त्यावाचून ईव्हला निवड करण्याचा प्रसंगच आला नसता आणि दोन बीजांचा सांधा निखळलेलाच राहिला असता.

निर्वहणात दोन्ही बीजे फळतात, पण एकाच क्षणी फळत नाहीत. रोप यंत्रात जाते, नौका परतते, आणि तरी कथा संपत नाही. वॉल-ई ईव्हला ओळखत नाही. पहिले कार्य सिद्ध होऊनही प्रेक्षक अस्वस्थ राहतो, यावरूनच खरे बीज कोणते होते हे सिद्ध होते. ईव्ह त्याचा हात धरते, आणि काही क्षणांनी त्याची बोटे मिटतात. अंगठी आरंभीच टाकून देण्याचे प्रयोजन येथे उलगडते: हात हेच अभिज्ञान आहे.

४

रचनेचे हे यश मान्य करूनही एक प्रश्न उरतो, आणि तो पहिल्या बीजाविषयीचा आहे. एक रोप उगवले, म्हणून पृथ्वी राहण्याजोगी झाली, हे अनुमान कथानकाने आधारस्तंभासारखे वापरले आहे. धाराशिवसारख्या पर्जन्यछायेच्या जिल्ह्यात हे अनुमान सहज पचणारे नाही. मृगाच्या सरीवर पेरलेले उगवून येते. नंतर पावसाने ओढ दिली की डोळ्यांदेखत करपते आणि दुबार पेरणी करावी लागते. येथे उगवण ही आशा असते, ग्वाही नसते. पेरणी आणि रास यांच्या मधला काळ हाच शेतकऱ्याच्या कथेचा गर्भसंधी होय: त्यातही प्राप्ती, अप्राप्ती आणि अन्वेषण आहे, पण रोप कोणी हिरावून नेत नाही, ते जागच्या जागी जगते किंवा मरते.

चित्रपटाने हा संघर्ष टाळून त्याच्या जागी एक प्रतिपक्षी उभा केला. पृथ्वी ओसाड झाली ती उपभोगामुळे. परत न येण्याचा आदेशही एका माणसानेच दिला होता, हे ध्वनिचित्रफितीतून क्षणभर उघडही होते. परंतु पुढे सारे दायित्व ऑटोच्या माथी जाते. तो बंद पडताच माणसे निर्दोष ठरतात. कप्तानाचे परिवर्तन इतक्या झपाट्याने होते, त्याचे कारणही हेच: ज्याला प्रायश्चित्त घ्यावयाचे नाही, त्याला फार काळ लागत नाही.

येथे मराठी भूमीतील एका जुन्या लघुपटाशी तुलना उपयुक्त ठरते. ‘राजा हरिश्चंद्र’ १९१३ साली प्रदर्शित झाला. त्याच्या आदल्या वर्षी दादासाहेब फाळके यांनी भांडवल उभारण्यासाठी ‘अंकुराची वाढ’ हा अगदी छोटा पट तयार केला होता. वाटाण्याचा दाणा रुजून त्याचे रोप होईपर्यंत एकेक चित्र घेत त्यांनी ती वाढ पडद्यावर आणली. एकेक स्थिर चित्र जोडून गती निर्माण करणे हेच सचेतनपटाचेही तत्त्व आहे. त्या पटात नायक नाही, प्रतिनायक नाही. वाढ हीच कथा आहे, आणि ती पाहून धनिकांनी पैसा लावण्याइतका विश्वास टाकला. ज्या माध्यमाला वाढ दाखविणे इतके स्वाभाविक आहे, त्याच माध्यमातील ‘वॉल-ई’मध्ये मुख्य कथानक संपेपर्यंत ते रोप जवळजवळ तेवढेच राहते.

ही उणीव दिग्दर्शकाला जाणवली असावी, असे मानण्यास आधार आहे. शेवटच्या दृश्यात कॅमेरा मागे सरतो आणि टेकड्यांवर इतरही रोपे उगवलेली दिसतात. एका रोपावरून काढलेल्या अनुमानाला येथे उशिरा का होईना, पुरावा मिळतो. त्याहून महत्त्वाची आहे श्रेयनामावलीसोबतची चित्रमाला. गुहाचित्रांपासून आधुनिक रंगचित्रांपर्यंत एकेका युगाच्या शैलीत माणसे आणि यंत्रे मिळून शेती करताना, मासे धरताना, वस्ती उभारताना दिसतात. अखेरीस एक विशाल वृक्ष येतो, आणि दृष्टी खाली उतरते तेव्हा त्याची मुळे त्याच फाटक्या बुटात दिसतात. फाळक्यांनी जी कथा म्हणून सांगितली, ती येथे परिशिष्टात आली आहे. बीजाचा खरा विस्तार प्रेक्षक खुर्ची सोडू लागलेला असताना घडतो.

५

तेव्हा ‘वॉल-ई’चा दोष त्याच्या दोन स्थळांत शोधू नये. हस्तग्रहणाचे बीज मुखापासून निर्वहणापर्यंत अखंड वाढले आहे, आणि त्या बळावर हा चित्रपट त्याच्या प्रकारातील श्रेष्ठ कृतींत गणला जाईल. रोपाचे बीज मात्र मधल्या टप्प्यात वाढावयाचे थांबले. विज्ञानकथेच्या अभ्यासकाला यातून एक निकष मिळतो. भविष्याची कल्पना कथेच्या आरंभी मांडणे सोपे असते. त्या कल्पनेला काळ, श्रम आणि अपयश यांतून जाऊ देणे अवघड. कल्पना कितपत शास्त्रशुद्ध आहे, या प्रश्नाबरोबरच ती कथानकात रुजली की केवळ हातोहाती फिरली, हेही विचारावयास हवे. मराठी विज्ञानकथांनाही हा निकष लावून पाहता येईल, आणि त्या अभ्यासास कोरडवाहू शेतीचा अनुभव पाठीशी असलेले विद्यार्थी इतरांहून अधिक सिद्ध असतील.