'संमती' : एका शब्दाचा अपहार

सम् आणि मती यांच्या योगाने 'संमती' हा शब्द सिद्ध झाला आहे. जेथे एक मती प्रौढ व दुसरी अजाण, तेथे या शब्दाला आधारच उरत नाही. बालकांशी लैंगिक संबंधांचे समर्थन करणाऱ्या संघटनांचा इतिहास हा मुख्यतः या शब्दाच्या अपहाराचा इतिहास आहे.

ब्रिटनमध्ये अशी एक संघटना १९७४ साली निघाली आणि लोकक्षोभ व खटले यांमुळे १९८४ साली विसर्जित झाली. अमेरिकेत १९७८ साली 'नाम्ब्ला' उभी राहिली. समलिंगी हक्कांच्या चळवळीच्या आडोशाने प्रतिष्ठा मिळविण्याचा तिचा खटाटोप होता. परंतु त्याच चळवळीच्या आंतरराष्ट्रीय संघाने १९९४ साली तिला बाहेर काढले. नेदरलँड्समधील 'मार्टाइन'वर तेथील सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली बंदी कायम केली.

साहित्यविश्वही येथे निर्दोष नाही. जानेवारी १९७७ मध्ये 'ल मोंद'ने अशाच गुन्ह्यातील तिघा आरोपींच्या बाजूचे एक पत्रक छापले. त्यावर सार्त्र, सिमोन द बोव्हार, रोलाँ बार्थ यांच्या सह्या होत्या. मसुदा गाब्रिएल मात्झनेफ या लेखकाचा होता. १९९० साली दूरदर्शनवरील साहित्यचर्चेत मात्झनेफला उघड विरोध केला तो क्वेबेकच्या देनीज बोंबार्दिए यांनी. त्यांचीच पुढे टवाळी झाली.

आपल्याकडील १८९१चा संमतिवयाचा वाद या संदर्भात आठवतो. दहा-अकरा वर्षांची फुलमणी पतीच्या अत्याचाराने मरण पावल्यावर ही मर्यादा दहावरून बारा वर्षे झाली. आगरकरांनी कायद्याचा पुरस्कार केला, टिळकांनी विरोध. टिळकांचा रोख परकी सरकारच्या हस्तक्षेपावर होता. त्यांना उपरोक्त संघटनांच्या पंक्तीस बसविणे हा इतिहासाचा विपर्यास ठरेल. तथापि, ज्या म्हैसूर संस्थानात तेव्हा देवनहळ्ळी होते, तेथे एतद्देशीय राजवटीनेच १८९४ साली आठ वर्षांखालील मुलींचे विवाह निषिद्ध केले. परकेपणाचा आक्षेप तेथे लागू नव्हता, हेही ध्यानात घ्यावयास हवे.

हे दोन प्रसंग हेतूने भिन्न आहेत. साम्य आहे ते एका अनुपस्थितीत. पुण्यात शास्त्र व स्वराज्य बोलले, पॅरिसमध्ये स्वातंत्र्य बोलले. मूल कोठेच बोलले नाही. म्हणूनच बालपणी विवाह लादला गेलेल्या रखमाबाईंनी १८८५ साली टोपणनावाने लिहिलेली पत्रे आणि चौदाव्या वर्षी मात्झनेफच्या जाळ्यात सापडलेल्या व्हानेसा स्प्रिंगोरा यांचे २०२० सालचे आत्मकथन यांना मोल आहे. त्या आत्मकथनाचे नावच 'संमती' आहे. पुढे २०२१ साली फ्रान्सने पंधरा वर्षांची मर्यादा कायद्याने निश्चित केली.

शैलीचे सौष्ठव हा बचाव होऊ शकत नाही. मुलाच्या संमतीविषयीच्या कोणत्याही लेखनासमोर समीक्षकाने प्रथम विचारावयाचा प्रश्न असा : येथे बोलतो आहे कोण, आणि गप्प बसविले आहे कोणाला?